कुणीच न घातलेली अट

गंमत कोड्यांची : भाग सहावा

गेल्या भागाच्या शेवटी नऊ ठिपके दिले होते. तीन ओळी, प्रत्येक ओळीत तीन. कागदावरून पेन न उचलता चार सरळ रेघांत सगळे ओवायचे. ज्यांना जमलं त्यांनी पुढचा परिच्छेद गाळावा. बाकीच्यांनी कागद घ्यावा, कारण हे उत्तर वाचून कळत नाही, काढून कळतं.

वरच्या डाव्या ठिपक्यापासून उजवीकडे निघा. वरची ओळ संपली तरी थांबू नका. चौथा ठिपका असता तर जिथे असता तिथपर्यंत जा. तिथून तिरकं खाली डावीकडे उतरा. वाटेत मधल्या ओळीतला उजवा आणि खालच्या ओळीतला मधला ठिपका लागेल. डाव्या रांगेच्या खाली, एक घर बाहेर पोचलात की सरळ वर चढा, थेट निघालो होतो तिथपर्यंत. आता शेवटची रेघ : तिथून तिरकं, मधोमधच्या ठिपक्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात.

सॅम लॉइड या अमेरिकी कोडेकाराच्या मृत्यूनंतर, १९१४ साली, त्याच्या कोड्यांचा जो जाडजूड संग्रह निघाला त्यात हे कोडं आहे. पुढे मानसशास्त्रज्ञांनी ते प्रयोगशाळेत नेलं आणि तिथून व्यवस्थापनाच्या कार्यशाळांनी पळवलं. ‘चौकटीबाहेरचा विचार करा’ हा घासून गुळगुळीत झालेला उपदेश याच ठिपक्यांवर उभा आहे. ठिपक्यांभोवती चौकट कुणीही आखलेली नाही, ती आपण मनातल्या मनात आखतो आणि तिच्या आत घुटमळत राहतो, असं त्याचं स्पष्टीकरण. ऐकायला छान वाटतं. पण १९८१ साली रॉबर्ट वाइसबर्ग आणि जोसेफ आल्बा या दोन संशोधकांनी साधी गोष्ट करून पाहिली. कोडं सोडवणाऱ्यांना त्यांनी सरळ सांगूनच टाकलं की रेघा चौकोनाबाहेर न्याव्या लागतील. तरीही बहुतेकांना ते सुटलं नाही.

मग घोडं अडतं कुठे? आकृती पुन्हा बघा. तीनपैकी दोन वळणं अशा जागी आहेत जिथे ठिपकाच नाही. नंतरच्या अभ्यासकांनी बोट ठेवलं ते नेमकं या वळणांवर. आपल्याकडे तर ही सवय बोटांतच भिनलेली असते. ठिपक्यांच्या रांगोळीत रेघ ठिपक्यावरून निघते, ठिपक्यावर टेकते आणि वळते तीही ठिपक्यावरच. अधांतरी वळली तर रांगोळी बिघडली. कोड्यात असा नियम कुठेही लिहिलेला नाही. तरी आपण तो पाळतो आणि वर कोडं अवघड आहे म्हणून कुरकुरतो. अशा बहुतेक कोड्यांमध्ये रचणारा काही लपवत नाही. एखादी अट आपणच पदरची घालतो, आणि ती घातल्याचं आपल्याला ठाऊकच नसतं. म्हणून ‘चौकट मोडा’ या सल्ल्याचा उपयोग बेताचाच. कुठली चौकट, हे कळेपर्यंत मोडणार काय?

अशा विचाराला ‘लॅटरल थिंकिंग’ हे नाव एडवर्ड डी बोनो यांनी १९६७ साली दिलं. ते मूळचे माल्टाचे, पेशाने डॉक्टर. नाव नवं होतं, माल जुनाच. न खोडता रेघ लहान करून दाखवणारा बिरबल आपल्याकडे कधीचा आहे. डी बोनोंनी पुढे या एका कल्पनेवर पुस्तकांची रांग उभी केली. त्यातली सगळीच वाचावीत असं मला वाटत नाही.

त्यांच्यापेक्षा कार्ल डुंकर हा जर्मन मानसशास्त्रज्ञ मला जास्त मोलाचा वाटतो. तो १९४० मध्ये गेला आणि त्याचं मुख्य काम इंग्रजीत आलं १९४५ साली. त्याचा मेणबत्तीचा प्रयोग असा : एक मेणबत्ती, काड्यापेटी आणि टाचण्यांनी भरलेली एक पेटी. मेणबत्ती भिंतीवर अशी लावायची की मेण खाली टेबलावर गळू नये. लोक मेणबत्तीतून टाचण्या खुपसतात, मेण वितळवून ती भिंतीला चिकटवू पाहतात. उत्तर सोपं आहे. पेटी रिकामी करा, टाचण्यांनी भिंतीला ठोका आणि तिच्यात मेणबत्ती उभी करा. गंमत म्हणजे पेटी आधीच रिकामी करून शेजारी ठेवली की कितीतरी जास्त लोकांना हे सुचतं. टाचण्या आत असल्या की ती ‘टाचण्यांची पेटी’ असते, बाहेर काढल्या की नुसती पेटी. सॅम ग्लक्सबर्गने १९६२ मध्ये यात बक्षिसाची रक्कम घातली, तेव्हा भरलेल्या पेटीपुढे बसलेले लोक पैशांच्या आशेने आणखीच मंदावले. याच धर्तीच्या एका प्रयोगात, २००० साली, पाच वर्षांच्या मुलांना भरलेल्या पेटीने अजिबात अडवलं नाही. सहा-सात वर्षांची मुलं मात्र अडखळली. पेटी कशासाठी असते हे तोवर त्यांना पक्कं ठाऊक झालेलं होतं.

आता तोंडी कोड्यांकडे येऊ. इथे पदरची अट शब्दांतून शिरते, आणि मराठीत कोडं रचणाऱ्याची खरी कसरत सुरू होते.

सर्जनचं जुनं कोडं तुम्ही कदाचित ऐकलं असेल. बाप-लेक गाडीतून जाताहेत. अपघात होतो. बाप जागच्या जागी जातो, मुलाला इस्पितळात नेतात. ऑपरेशनच्या टेबलावर मुलाला पाहताच सर्जन म्हणतात, “मी याचं ऑपरेशन करू शकत नाही. हा माझा मुलगा आहे.” हे कसं? लोक सावत्र बाप, दत्तक मुलगा, चर्चमधले फादर असं काय काय सुचवतात. सर्जन मुलाची आई आहे, हे पुष्कळांना शेवटपर्यंत सुचत नाही. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्याला एवढा काळ लोटला तरी ‘सर्जन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मिशाच येतात.

इंग्रजीत हे कोडं सांगणं सोपं, कारण तिथलं क्रियापद बाई-पुरुष बघत नाही. मराठीत मात्र ‘सर्जन म्हणाल्या’ म्हटलं की कोडं जागीच मेलं, आणि ‘म्हणाले’ म्हटलं तर ते खोटं झालं. वरची ओळ आता पुन्हा वाचा. ‘सर्जन म्हणतात’ अशी आहे. वर्तमानकाळातलं आदरार्थी रूप दोघांनाही सारखंच चालतं. दुसरी वाट ‘सर्जननी सांगितलं’ अशी. तिथे क्रियापद कर्त्याकडे ढुंकूनही बघत नाही. आणि तिसरी सगळ्यांत चलाख. ‘करू शकतो’ किंवा ‘करू शकते’ म्हटलं की बिंग फुटतं, पण नकार दिला की ‘करू शकत नाही’, आणि त्यावरून काहीच कळत नाही. मराठीतला नकार बाई-पुरुष झाकतो, हे कोडं रचायला बसल्याशिवाय सहसा ध्यानात येत नाही. विशेषणांचंही तसंच. ‘निष्णात सर्जन’ चालतील, ‘मोठे सर्जन’ चालणार नाहीत.

एक छोटं उदाहरण रचून बघू. ‘हार’ या शब्दाचे दोन अर्थ, फुलांचा हार आणि पराभव. पहिला प्रयत्न : ‘जिंकणाऱ्याच्या गळ्यात पडतो, हरणाऱ्याच्या पदरी पडते.’ हे फसलं. ‘तो’ आणि ‘ती’ वेगळे आहेत हे क्रियापदांनीच चुगली करून सांगितलं. मग क्रियापद काढूनच टाकायचं : ‘जिंकणाऱ्याच्या गळ्यात आणि हरणाऱ्याच्या पदरात एकच गोष्ट. कोणती?’ आता लिंग ‘गोष्टी’चं, हाराचं नव्हे. कोड्यात एकही खोटा शब्द नाही, तरी वाचणारा पदक, मेडल, नारळ असा भरकटत जातो.

खोटा शब्द नसणं ही माझ्या लेखी कोड्याची पहिली कसोटी. इंग्रजीतल्या गूढ शब्दकोड्यांच्या जगात ए. एफ. रिची ‘ॲफ्रिट’ या टोपणनावाने कोडी रचत. १९४९ च्या पुस्तकात त्यांनी याचा दंडकच घालून दिला. त्याचा मतलब असा की वरवरचा अर्थ खुशाल फसवा असू दे, पण शब्दन् शब्द धरून वाचलं तर वाक्य उत्तरापाशीच पोचलं पाहिजे. या कसोटीला लिफ्टचं कोडं उतरतं. दहाव्या मजल्यावर राहणारा एक गृहस्थ सकाळी लिफ्टने थेट खाली येतो, संध्याकाळी मात्र सातव्या मजल्यावर उतरून पुढे जिना चढतो. फक्त पावसाच्या दिवशी थेट दहाव्यावर जातो. तो ठेंगणा आहे, वरच्या बटणापर्यंत हात पोचत नाही, पावसात छत्री हाताशी असते. पाऊस कोड्यातच आहे, म्हणून हे चोख. याउलट, हॉटेलात अल्बट्रॉस पक्ष्याचं सूप चाखून घरी जाऊन जीव देणाऱ्या माणसाचं जे कोडं मैफलींत सांगतात, त्याचं उत्तर सांगणाऱ्याच्या डोक्याबाहेर कुठेच नसतं. ‘हो’, ‘नाही’, ‘संबंध नाही’ एवढ्याच उत्तरांवर प्रश्न विचारत ते खेळायचं असेल तर रात्र मजेत जाते. पण त्याला कोडं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शब्दखेळांत याच्या अगदी उलट एक घराणं आहे. तिथे अट कवी स्वतःहून, उघडपणे अंगावर घेतो. सातव्या-आठव्या शतकातल्या दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्त नावाचा कुमार आपली हकीकत सांगतो, पण प्रेयसीने ओठ चावून दुखावलेले असल्याने ओठ मिटावे लागतील असं एकही अक्षर उच्चारत नाही. आपल्याकडे बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) एकशेआठ रामायणांचा घाट घातला, त्यांत एक निरोष्ठ रामायण आहे. प, फ, ब, भ, म वर्ज्य. म्हणजे रामायण सांगायचं आणि ‘राम’ म्हणायचं नाही! लक्ष्मण, भरत, बिभीषण, कुंभकर्ण, मारुती हेही गेले. सीता, दशरथ, कैकेयी असे काही मात्र टिकले.

हा खेळ घरी खेळून बघा. स्वर सोडून देऊ, पण खालचा ओठ लागतो म्हणून ‘व’देखील वर्ज्य करू. पहिला धक्का असा की ‘मी’ म्हणता येत नाही. आम्ही, आपण, माझं हेही नाही. सुदैवाने मराठी क्रियापदाच्या पोटात ‘मी’ असतो : ‘काल सकाळी दादरला गेलो. स्टेशनात गर्दी होती. जिना चढताना शेजारचे काका दिसले. हसले, हात हातात घेतला, चहाचा आग्रह केला.’ इथे ‘पण घाई होती’ असं म्हणावंसं वाटतं आणि ‘पण’पाशीच गाडी अडते.

या आठवड्याची कोडी. उत्तरं सातव्या भागात.

एक. मांडवात सगळ्यांच्या देखत खाली बसलाय, तरी पत्रिकेपासून पंगतीपर्यंत सगळे त्याला उलटंच म्हणतात.

दोन. नाव तोडून वाचलं तर हल्ला चढवतो, एकसंध वाचलं तर भेटेल त्याच्या पाया पडतो.

तीन. एसटीचे एक ड्रायव्हर एकेरी रस्त्यावर उलट्या दिशेने आले, लाल सिग्नलला थांबले नाहीत आणि चौकातल्या हवालदाराला हात करून पुढे निघून गेले. हवालदारानेही हसून हात केला. ओळखबिळख काही नव्हती. पावती का फाडली नाही?

चार. वरच्याच नियमाने, ओठाला ओठ किंवा दात न लावता, पुरणपोळीची कृती लिहा. डाळ मिळेल, गूळ मिळेल, कणीकही मिळेल. वेलची आणि जायफळ मिळणार नाही. तुपाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा.