रस्त्याच्या नकाशात आपलं पाणी कुठं आहे?



रस्ता रुंद होणार, बायपास निघणार, अमक्या शिवारात लेआऊट पडणार असं कानावर आलं की शेतकरी आधी तलाठ्याकडं जाऊन उतारा काढतो. आपण काय काढणार? ना नदी आपल्या नावावर, ना तळं. पेपरात सर्व्हे नंबरांची यादी येते, त्यात आपला नंबर नसतो. म्हणून बरेच सभासद विचारतात, "आपली जमीन जात नाही, मग आपला काय संबंध?"

संबंध आहे. जमीन घ्यायची तर भरपाई द्यावी लागते, शेतकरी कोर्टात जातो, काम अडतं. त्यामुळं ऑफिसात चर्चा सुरू झाली की नजर जाते ती सरकारी जागेवर. गायरान, नाल्याचा काठ, तळ्याची कड. तिथं भांडायला कोण येणार? मास्टर प्लॅनच्या रंगीत नकाशात पिवळी वस्ती दिसते, हिरवी शेती दिसते, नदी-तळ्याची निळी खूणही असते. पण आपण होडी उतरवतो ती जागा, जाळी वाळवायचा माळ आणि घाटाकडं जाणारी पायवाट त्यात नसते.

बेळगाव-पणजी हायवे (जुना ४-ए, आताचा ७४८) आपल्या डोळ्यांसमोर रुंद झाला, गणेबैलला टोलनाका आला. रस्ता नको असं आपण म्हणत नाही. गोव्याची मासळी याच वाटेनं येते आणि आपलीही बेळगावला याच वाटेनं जाते. आपलं म्हणणं मोरीबद्दल आहे.

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की नदीतले मासे नाल्यानं वर चढतात, भातखाचरापर्यंत जातात आणि तिथं अंडी घालतात. चढणीचे मासे म्हणतो ते हेच. आता नाल्यावर रस्त्याचा भराव आला आणि पाण्यासाठी खाली दोन सिमेंटचे पाईप टाकले. पाणी जातं, इंजिनिअरचा हिशेब बरोबर असतो. पण अरुंद पाईपात ओढ जास्त, आणि खालच्या तोंडाला पाणी पडून पडून खड्डा होतो. पाईपाचं तोंड हात-दीड हात वर राहतं. मासा तिथवर येतो, उड्या मारतो आणि थांबतो. सगळे एका जागी सापडतात म्हणून त्या वर्षी पोरं पोत्यानं मासे आणतात आणि आपल्याला वाटतं यंदा मासळी बक्कळ आहे. पुढच्या दोन-तीन वर्षांत मरळ, शेंगाळा दिसेनासा झाला की मग औषधाला, पाण्याला, नशिबाला दोष देतो. तळाला नैसर्गिक माती-दगड ठेवलेली रुंद मोरी किंवा छोटा पूल असता तर वाट चालू राहिली असती. हे प्लॅन कागदावर असतानाच सांगावं लागतं. काँक्रीट पडल्यावर कोण फोडतंय?

सांगायचं कुठं? शहराच्या मास्टर प्लॅनला १९६१ चा कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा लागतो. सरकारनं तात्पुरती मंजुरी दिलेला आराखडा जाहीर झाला की लोकांना सूचना-हरकतींसाठी ६० दिवस मिळतात. नॅशनल हायवेचं तसं नाही. तिथं ३-ए ची अधिसूचना निघाल्यापासून फक्त २१ दिवस, आणि हरकत लेखीच लागते. पुढं ३-डी निघाली की जमीन सरकारजमा झाली, मग बोलणं फक्त भरपाईवर. जाहिरात दोन पेपरांत येते, त्यातला एक स्थानिक भाषेचा, म्हणजे आपल्याकडं बहुधा कन्नड. घरात कन्नड शिकणारं पोर असेल तर त्याला ते पान वाचायला लावा.

दुसरी गोष्ट फार जणांना माहीत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात 'बाधित कुटुंब' कोण ते सांगताना मच्छीमार आणि नावाडी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. संपादनाआधी तीन वर्षं पोट मुख्यतः पाण्यावर चाललेलं असलं पाहिजे आणि संपादनानं ते बुडालं पाहिजे. पुनर्वसनाची तरतूद २०१५ पासून हायवेच्या संपादनालाही लागू आहे. पण यात एक गोम आहे. रस्ता सरकारी काठावरूनच नेला तर संपादनच होत नाही, मग हे कलम फारसं कामाला येत नाही. म्हणूनच मास्टर प्लॅनची हरकत जास्त महत्त्वाची.

हरकतीनं होतं काय, असं विचाराल. बेळगावच्या रिंगरोडला शेतकऱ्यांनी एकेकट्यानं, सर्व्हे नंबर घालून हरकती दिल्या. हलगा-मच्छे बायपासवर ते कोर्टात गेले. हायवेचा झिरो पॉइंट फिश मार्केटजवळ आहे, हलग्याला नाही, हा त्यांचा मुद्दा. (मासळी बाजाराचं नाव कोर्टात गाजलं, आपण मात्र तिथं नव्हतो!) मुंबईत वरळीच्या कोळी बांधवांनी कोस्टल रोडच्या दोन खांबांतलं अंतर ६० मीटरवर थांबू दिलं नाही. त्यांची मागणी जास्त होती, पण डिसेंबर २०२२ मध्ये १२० मीटर मान्य झालं. बोटी कुठून जातात, वारा-लाट कशी असते हे ते वर्षानुवर्षं सांगत राहिले.

आपणही तेवढंच करायचं. पुढच्या मीटिंगला येताना ठेक्याच्या पावत्या, मासळी विक्रीच्या चिठ्ठ्या, ओळखपत्र, तीन वर्षांचं जे असेल ते घेऊन या. आणि आपल्या भागातल्या कुठल्या नाल्यानं मासा चढतो, होडी कुठं उतरते, ते कागदावर हातानं काढून आणा. चित्र वाकडं आलं तरी चालेल. आधी सगळ्यांचे कागद एकत्र लावू, मग हरकतीचा मसुदा मराठी आणि कन्नड दोन्हींत करू.