हिलेल दाराबाहेर राहू नये म्हणून
(मंडळाच्या कार्यक्रमांची फी कशी ठरवावी?)



मंडळाच्या कार्यक्रमांची फी किती असावी हा प्रश्न दरवर्षी सभेत निघतो आणि दरवर्षी दहा मिनिटांत निकालात निघतो. खजिनदार हॉलच्या भाड्याचे बिल पुढे ठेवतात, कोणी तरी "दोन पौंड वाढवा" म्हणते, दुसरे कोणी "तीनच वाढवा, म्हणजे पुढल्या वर्षी कटकट नको" म्हणते, तेवढ्यात चहा येतो आणि ठराव मंजूर होतो. आम्हीही असेच करीत आलो. त्यात आमची काय चूक झाली, ती कशी लक्षात आली आणि आता आम्ही काय करतो, हे सांगावे म्हणून हा लेख. येथे ब्रिटनमध्ये आपली कुटुंबे थोडी आणि विखुरलेली आहेत. एक माणूस यायचे थांबले तरी ते जाणवते. इस्रायलमधील आणि मुंबई-ठाण्याकडील वाचकांनाही हा हिशोब परका वाटणार नाही.

उत्तर-पश्चिम लंडनमध्ये एका भाड्याच्या हॉलात हिवाळ्यात दर बुधवारी दुपारी आमच्या ज्येष्ठांचा मेळावा भरतो. खुर्चीत बसून करण्याचा व्यायाम, कॅरम, हाउसी, थोडी जुनी गाणी आणि शेवटी चहा-फराळ. फी चार पौंड होती आणि तीस माणसे येत असत. हॉलचे भाडे आणि व्यायाम शिकवणाऱ्या बाईंचे मानधन मिळून १२० पौंड, शिवाय चहा-फराळ माणशी दीड पौंड. म्हणजे खर्च १६५ पौंड आणि जमा १२०. दर बुधवारी ४५ पौंडांची तूट. आम्ही फी सात पौंड केली. तीस गुणिले सात म्हणजे २१०. तूट जाऊन ४५ पौंड शिल्लक राहणार, असा आमचा हिशोब.

माणसे आली अठरा. जमा १२६, खर्च १४७. तूट २१ पौंड राहिलीच, आणि बारा खुर्च्या रिकाम्या झाल्या.

न येणाऱ्यांपैकी फीचे कारण कोणीही सांगितले नाही. एका मावशींनी गुडघा दुखतो म्हणून कळवले. दुसऱ्या घरी पाहुणे आले होते. तिसरे गृहस्थ म्हणाले, "आता अंधार लवकर पडतो." अंधार तर आदल्या वर्षीही तितक्याच लवकर पडत होता. पुढे काही दिवसांनी त्या मावशी बाजारात भेटल्या, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन भराभर चालत होत्या. आम्ही गुडघ्याची चौकशी केली नाही. घरी येऊन हिशोब केला. नवरा-बायको दोघे, दर आठवड्याला चौदा पौंड, महिन्याला छप्पन. पेन्शनवर राहणाऱ्या घरात हा आकडा काय असतो ते वेगळे सांगायला नको.

आमच्या शाळेच्या दिवसांत नादारी असे. ज्यांना फी झेपत नसे त्यांना अर्धी किंवा पूर्ण माफी. योजना चांगली होती, पण फीच्या दिवशी मास्तर वर्गात नावे वाचीत: "नादारीवाले उभे राहा." जी मुले उभी राहात त्यांचे चेहरे आम्हाला अजून आठवतात. पुढे आम्ही स्वतः शिक्षक झालो तेव्हा ती यादी कधी मोठ्याने वाचली नाही. पण मंडळाची फी ठरवताना मात्र हे सारे विसरलो. मावशींनी गुडघ्याचे निमित्त सांगितले, कारण आमच्यासमोर उभे राहण्यापेक्षा ते सोपे होते.

खर्चाचे दोन भाग

पहिली गोष्ट म्हणजे खर्च एकच नसतो, त्याचे दोन भाग असतात. हॉलचे भाडे, शिकवणाऱ्याचे मानधन, विम्याचा हप्ता हा खर्च दहा माणसे आली काय आणि तीस आली काय, तेवढाच राहतो. चहा-फराळाचा खर्च मात्र माणसागणिक वाढतो. आमच्या उदाहरणात पहिला भाग १२० पौंडांचा आणि दुसरा माणशी दीड पौंडाचा.

आता ज्या मावशी फक्त दोन पौंड देऊ शकतात त्यांचा विचार करा. त्या आल्याने मंडळाचा खर्च दीड पौंडाने वाढतो आणि जमा दोन पौंडांनी. म्हणजे अर्धा पौंड त्या हॉलच्या भाड्यात घालतात. त्या आल्या नाहीत तर तो अर्धा पौंडही जातो आणि भाडे तेवढेच भरावे लागते. ज्यांना आम्ही मनातल्या मनात "तोटा" समजत होतो, त्या खरे तर आमच्या भाड्याला हातभार लावणाऱ्या होत्या. खुर्ची रिकामी ठेवून आम्ही काहीच वाचवले नव्हते.

अर्थात हा हिशोब हॉलात जागा शिल्लक असेपर्यंतच खरा. बस करून सहलीला जायचे आणि आसने मोजकी असतील, तर एकाला सवलत म्हणजे दुसऱ्याची जागा जाते. तेथे नियम वेगळा लागतो.

तोरामधील तीन पद्धती

फीचा प्रश्न आपल्याला नवा नाही. तोरामध्ये लोकांकडून घेण्याच्या तीन वेगवेगळ्या पद्धती आहेत.

पहिली अर्ध्या शेकेलची. शेमोथमध्ये सांगितले आहे की श्रीमंताने अर्ध्या शेकेलहून जास्त द्यायचे नाही आणि गरिबाने कमी द्यायचे नाही. पुढे बेथ हमिकदाशच्या काळात हा शेकेल अदार महिन्यात गोळा होई आणि त्यातून साऱ्या समाजाच्या वतीने होणारे बळी आणले जात. रक्कम लहान आणि सर्वांना सारखी, कारण तेथे प्रत्येकाची मोजणी सारखी व्हायची होती.

दुसरी पद्धत वायिक्रामध्ये आहे. काही दोषांसाठी आणावयाचे अर्पण ऐपतीप्रमाणे बदलते. ज्याला जमेल त्याने कोकरू किंवा शेळी आणावी, तेवढे जमत नसेल तर दोन पारवे किंवा कबुतराची दोन पिल्ले, तेही जमत नसेल तर एफाचा दहावा भाग सपीठ. तिघांचेही अर्पण पुरे मानले जाते. सपीठ आणणाऱ्याला अर्धीच क्षमा मिळते असे कोठेही म्हटलेले नाही.

तिसरी मिश्कानची. ज्याच्या मनाला येईल त्याने मनाला येईल तेवढे आणावे. लोकांनी इतके आणले की मोशे रब्बेनूंना "आता पुरे" असे जाहीर करावे लागले. आमच्या खजिनदारांना हा उतारा फार आवडतो. असा दिवस आपल्या मंडळात अजून आलेला नाही, एवढेच ते म्हणतात.

या तिन्ही पद्धतींची कामे निराळी आहेत, आणि आमची चूक अशी की सगळीकडे आम्ही पहिलीच लावली. वार्षिक सभासद वर्गणी अर्ध्या शेकेलसारखी असावी: लहान आणि सर्वांना सारखी, कारण मताचा हक्क सर्वांना सारखा. कार्यक्रमाची फी कोकरू-पारवे-सपीठ अशी असावी. आणि तूट भरणे, नवीन खुर्च्या, ध्वनिवर्धक ही कामे मिश्कानसारखी, खुशीच्या देणगीवर सोडावीत.

या देशाचा अनुभव

येथील लोकांनीही हाच प्रश्न पूर्वी सोडवला आहे. १८४६ साली पार्लमेंटने सार्वजनिक न्हाणीघरे आणि धुलाईघरे बांधण्याचा कायदा केला. त्यात कष्टकऱ्यांसाठी थंड पाण्याच्या स्नानाचा दर एक पेनी आणि गरम पाण्याच्या स्नानाचा दोन पेन्स, याहून जास्त घ्यायचा नाही असे ठरवून दिले होते. वरच्या वर्गाच्या न्हाण्या निराळ्या आणि महाग ठेवता येत, परंतु कष्टकऱ्यांच्या न्हाण्या त्यांच्या दुपटीहून कमी असता कामा नयेत अशी अट होती. महाग जागा हव्या तर ठेवा, पण स्वस्त जागा हटवून नव्हे.

अगदी फुकट केले तर? एप्रिल २००९ मध्ये इंग्लंडमध्ये सरकारने सोळा वर्षांपर्यंतची मुले आणि साठीपुढचे लोक यांना अनेक नगरपालिकांच्या तलावांत मोफत पोहण्याची सोय केली. जुलै २०१० अखेर ती बंद झाली. सरकारने कारण दिले ते असे की मोफत पोहणाऱ्यांत बरेच जण पैसे देऊनही आलेच असते. यावरून गरिबाला सवलत देऊ नये असे ठरत नाही. सर्वांना सरसकट माफी दिली तर जे देऊ शकतात त्यांचेही पैसे जातात, आणि ज्यांच्यासाठी योजना केली ते येतीलच असे नाही, एवढेच त्यावरून शिकायचे.

कायद्याची बाजूही थोडी समजून घेऊ. १९५५ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे एक खटला आला होता. वेस्ट हॅम आणि लेटन भागातील, बेताच्या परिस्थितीतल्या मेथडिस्ट लोकांच्या करमणुकीसाठी व व्यायामासाठी एक न्यास केला होता. तो धर्मादाय नाही असा निकाल लागला. एका न्यायाधीशांनी पुलाचे उदाहरण दिले: पूल सर्वांसाठी असतो, फक्त गरीब मेथडिस्टांनीच ओलांडायचा पूल कोणी ऐकला आहे काय, अशा अर्थाचे. या निकालाने अनेक संस्था धास्तावल्या, म्हणून १९५८ साली करमणुकीच्या धर्मादाय संस्थांचा वेगळा कायदा झाला. समाजकल्याणासाठी असलेल्या अशा सोयी, वय, आजारपण, अपंगत्व किंवा गरिबी यांमुळे ज्यांना त्यांची गरज आहे अशांसाठी असतील तर त्या धर्मादाय ठरू शकतात, असे त्यात आले. इंग्लंड आणि वेल्समध्ये आता ही तरतूद २०११ च्या कायद्यात आहे.

धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेने फी घेऊ नये असे मुळीच नाही. मात्र फी इतकी असू नये की गरीब माणूस आपोआप बाहेर राहील. २०११ साली खासगी शाळांच्या प्रकरणात वरिष्ठ न्यायाधिकरणाने हेच सांगितले की गरिबांसाठी केलेली सोय केवळ नावापुरती असून चालणार नाही.

पैशाचा आणखी एक मुद्दा. करदात्या सभासदाने धर्मादाय संस्थेला शंभर पौंड देणगी दिली आणि गिफ्ट एडचा फॉर्म भरला, तर संस्थेला सरकारकडून आणखी पंचवीस पौंड मिळतात. पण हे देणगीला लागू आहे, कार्यक्रमाच्या फीला नाही. म्हणून फी आणि देणगी यांची पावती वेगळी करावी. "फी थोडी जास्तच घ्या" म्हणणाऱ्या सभासदाला आम्ही आता देणगीचा फॉर्म देतो. त्याचेही समाधान होते आणि मंडळाचाही फायदा.

आता आम्ही काय करतो

आम्ही तीन दर ठेवले: आठ, पाच आणि दोन पौंड. कोणी कोणता द्यायचा ते ज्याचे त्याने ठरवायचे. पुरावा मागायचा नाही, यादी करायची नाही. दारात टेबल मांडून कोणी बसत नाही. कोपऱ्यात एक झाकणाची पेटी आणि शेजारी पाकिटे असतात. पाकिटात जे असेल ते पेटीत जाते. बेथ हमिकदाशमध्ये एक गुप्त खोली होती, असे मिश्नामध्ये वर्णन आहे. देणारे तेथे गुपचूप ठेवून जात आणि चांगल्या घरातले गरीब गुपचूप घेऊन जात. आमची पेटी हा तिचाच लहानसा नमुना.

सोबत येणाऱ्या मदतनिसाला फी नाही. शब्बाथला काही कार्यक्रम असला तर पैशाचा व्यवहार आधीच आटोपतो, त्या दिवशी पेटी बाहेर काढीत नाही. काहींना सवलत घेणे जड जाते. त्यांना खुर्च्या मांडण्याचे, चहा करण्याचे काम आम्ही विनंती करून देतो. पण हे काम आठ पौंड देणाऱ्यांनाही देतो, नाही तर कप विसळणारा म्हणजे फी न देणारा, असे सर्वांना कळून चुकेल आणि आमची नादारीची यादी पुन्हा वाचली जाईल.

एका बुधवारचा हिशोब सांगतो. तीस माणसे आली. पेटीतील पाकिटांत दहा आठ पौंडांची, तेरा पाच पौंडांची आणि सात दोन पौंडांची निघाली. जमा १५९, खर्च १६५. तूट सहा पौंड, ती देणगीतून भरली. सर्वांना सात पौंड लावून जी तूट एकवीस होती ती सहावर आली, आणि खोली भरलेली. सगळेच बुधवार असे जात नाहीत. कधी दोन पौंडांची पाकिटे वाढतात आणि खजिनदार भुवया उंचावतात. वर्षातून दोनदा आम्ही एकूण जमाखर्च भिंतीवर लावतो. तूट वाढलेली दिसली की आठ पौंडांची पाकिटे थोडी वाढतात, असा आतापर्यंतचा अनुभव आहे.

तालमूदमध्ये हिलेलची गोष्ट आहे. तरुणपणी तो मोलमजुरी करी. रोजच्या मिळकतीतील अर्धी घरखर्चाला आणि अर्धी बेथ मिद्राशच्या द्वारपालाला देई. एके दिवशी काम मिळाले नाही, तेव्हा द्वारपालाने त्याला आत सोडले नाही. हिलेल छपरावर चढला आणि झरोक्यावर पडून शमाया आणि अवतालियोन यांचे शब्द ऐकू लागला. शब्बाथची रात्र होती, हिवाळा होता, रात्रभर बर्फ पडले. सकाळी खोलीत अंधार का, म्हणून गुरूंनी वर पाहिले तर झरोक्यात माणसाची आकृती. त्यांनी त्याला बर्फातून काढले, न्हाऊ-माखू घातले आणि शेकोटीजवळ बसवले. याच्यासाठी शब्बाथ मोडणेही योग्य आहे, असे ते म्हणाले.

द्वारपाल दुष्ट होता असे गोष्टीत म्हटलेले नाही. त्याने ठरलेली फी मागितली, इतकेच. आम्हीही तेवढेच केले होते.

त्या मावशी मार्चमध्ये परत आल्या. गुडघ्याबद्दल त्यांनी काही सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. ते गृहस्थ मात्र अजून आलेले नाहीत. येत्या बुधवारी आमच्यापैकी कोणी तरी त्यांच्या घरी जाणार आहे.