गच्चीवरची टाकी आणि इमारतीची सोसण्याची ताकद

उन्हाळ्यात पाणी कमी पडू लागले की सोसायटीच्या बैठकीत एक ठराव हमखास येतो: गच्चीवर आणखी एक टाकी बसवावी. खर्च किती, वर्गणी किती, प्लंबर कोणता यावर तासभर चर्चा होते. भरलेल्या टाकीचे वजन किती आणि ते नेमके कशावर बसणार, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. विचारलेच तर उत्तर ठरलेले असते, ‘आरसीसीचा स्लॅब आहे, काही होत नाही.’

आरोग्याच्या सदरात इमारतीचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण इमारत कोसळते तेव्हा ढिगाऱ्याखालून काढलेली माणसे आमच्यासारख्या सरकारी रुग्णालयांतच येतात. या दुखण्यावरचा प्रतिबंधक उपाय आमच्या औषधांच्या कपाटात नाही. तो गच्चीवर, तळमजल्यावर आणि सोसायटीच्या बैठकीत आहे. म्हणून इमारतीवरच्या भाराचा हिशोब सर्वांना निदान ढोबळमानाने माहीत हवा. त्यासाठी शाळेतला गुणाकार पुरेसा आहे.

कायमचा भार, बदलता भार

इमारतीचे आराखडे करणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर भाराचे दोन मुख्य भाग पाडतो. स्लॅब, बीम, कॉलम, भिंती, फरशी, गिलावा यांचे स्वतःचे वजन म्हणजे ‘डेड लोड’, म्हणजे कायमचा भार. माणसे, फर्निचर, सामान म्हणजे ‘लाइव्ह लोड’, म्हणजे बदलता भार. वारा आणि भूकंप यांचा हिशोब वेगळा करतात.

एक घनमीटर आरसीसीचे वजन सुमारे २५०० किलो. म्हणजे पाच इंच (१२५ मिलिमीटर) जाडीच्या स्लॅबचा एक चौरस मीटर तुकडा ३०० किलोंहून जास्त भरतो. चार मीटर बाय तीन मीटरच्या खोलीवरचा नुसता स्लॅब पावणेचार टनांचा. नऊ इंची विटांची तीन मीटर उंच भिंत दर मीटर लांबीला जवळपास १४०० किलोंची. आपण ज्याला ‘रिकामे घर’ म्हणतो त्याचे वजन एवढे असते.

बदलता भार किती धरायचा, हे भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ८७५ या संहितेच्या दुसऱ्या भागात दिले आहे. आकडे किलोन्यूटनमध्ये आहेत; सोयीसाठी किलोत सांगतो. राहत्या खोलीला दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो. जिने आणि बाल्कनीला साधारण ३००. जाण्यायेण्याच्या गच्चीला १५०. ग्रंथालयातील पुस्तकांच्या मांडण्यांच्या खोलीला ६०० आणि मांडण्या फार उंच असतील तर त्याहून जास्त. रुग्णालयातही वॉर्डला २००, पण शस्त्रक्रियागृहाला ३००. एखादा जुना वॉर्ड केसपेपर आणि फायली ठेवण्याची खोली झाला, तर तिथला भार दुपटीतिपटीने वाढू शकतो. दारावरची पाटी बदलते, खालचा बीम तोच राहतो.

हे सगळे भार खाली उतरतात. स्लॅब बीमवर, बीम कॉलमवर, कॉलम पायावर. चार-चार मीटर अंतरावर कॉलम असतील तर मधल्या एका कॉलमच्या वाट्याला दर मजल्याचे सुमारे १६ चौरस मीटर येतात. भिंती, बीम सगळे धरून एका मजल्याचे पंधरा-सतरा टन होतात. चार स्लॅबच्या इमारतीत तळमजल्याचा तो एक कॉलम साठ-सत्तर टन पेलत असतो.

सगळ्या मजल्यांवर एकाच वेळी पूर्ण गर्दी नसते, म्हणून पाच ते दहा मजल्यांचे वजन घेणाऱ्या कॉलमसाठी बदलता भार ४० टक्क्यांपर्यंत कमी धरण्याची मुभा संहिता देते. घर हे घर म्हणूनच वापरले जाईल, असे त्यात गृहीत असते. घरांचे गोदाम झाले की ते गृहीतकच मोडते.

आता टाकीचा हिशोब

हजार लिटरच्या गोल टाकीत भरलेले पाणी एक टन. टाकीचे बूड साधारण एक चौरस मीटर. म्हणजे ज्या गच्चीवर दर चौरस मीटरला १५० किलो धरले होते, तिथे त्या जागी १००० किलो, साडेसहा पट. तीच टाकी कॉलमवरून जाणाऱ्या भक्कम बीमवर, इंजिनिअरने ठरवलेल्या जागी बसवली तर गोष्ट वेगळी. पण प्लंबरला सोयीची जागा आणि इमारतीला सोयीची जागा एकच असेल असे नाही.

टाकी निदान दिसते तरी. काही भार दिसतच नाहीत. गच्ची गळते म्हणून जुन्या कोब्यावर नवा कोबा घालतात; चार इंचांचा थर दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वाढवतो. पुढच्या गळतीला तिसरा थर. घरात जुनी फरशी न काढता तिच्यावर मसाला पसरून टाइल्स बसवल्या, तर पाच सेंटीमीटरच्या थराचे दर चौरस मीटरला १०० किलो होतात. साठ चौरस मीटरच्या फ्लॅटमध्ये सहा टन. हा भार पाहुण्यांसारखा येऊन जात नाही, कायमचा राहतो. शिवाय बाल्कनी बंद करून तिच्या टोकाशी विटांची भिंत, खाली बीम नसलेल्या जागी नवी भिंत, गच्चीवर मातीच्या कुंड्यांची बाग. यातली एकेक गोष्ट चालून जाईलही, पण इमारत त्यांची बेरीज सोसत असते.

वजन वाढण्याचा आणखी एक तोटा आहे. भूकंपात इमारतीवर येणारा आडवा जोर तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मातीत बांधलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरचे जाड मातीचे माळवद यांनीच झोपेतली माणसे गाडली. ती घरे आरसीसीची नव्हती, पण माथ्यावरचा जड भार धोक्याचा, हा नियम दोन्हींना लागू आहे.

‘सेफ्टी धरलेली असतेच की’

हा युक्तिवाद खरा आहे, पण अर्धा. आयएस ४५६ या संहितेप्रमाणे कायमचा आणि बदलता भार एकत्र करून तो दीडपट धरतात आणि तो पेलेल अशी रचना करतात. काँक्रीट आणि सळईची ताकदही मुद्दाम कमी धरतात. पण ही राखीव ताकद काँक्रीट थोडे कमी दर्जाचे निघाले, सळई जागची हलली, लग्नघरात गर्दी झाली, अशा अनपेक्षित गोष्टींसाठी असते. औषधाच्या मात्रेतही आम्ही सुरक्षिततेचे अंतर ठेवतो. म्हणून रुग्णाने रोज दीडपट गोळ्या घ्याव्यात असे होत नाही.

त्यात ही राखीव ताकद वयाबरोबर घटते. ओल आणि खारी हवा सळईपर्यंत पोचली की ती गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे तो आतून दाबून काँक्रीट फोडतो. भार तोच असला तरी पेलणारी सळई बारीक झालेली असते. शिवाय सततच्या भाराखाली काँक्रीट वर्षानुवर्षे हळूहळू वाकत राहते. ‘टाकी बसवून वर्ष झाले, काय झाले?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून कधी कधी आणखी काही वर्षांनी मिळते.

सोलमध्ये काय घडले

दक्षिण कोरियाच्या राजधानीतील साम्पुंग डिपार्टमेंट स्टोअर २९ जून १९९५ रोजी कोसळले. ५०२ माणसे मेली, ९०० हून अधिक जखमी झाली. भूकंप नव्हता, स्फोट नव्हता. मूळ चार मजल्यांच्या आराखड्यात पाचवा मजला वाढवला होता आणि तिथे रेस्टॉरंट्स आणली होती. कोरियन पद्धतीप्रमाणे जमीन उबदार राहावी म्हणून तिथे काँक्रीटचा जादा थर घातला गेला. कॉलम मूळ हिशोबापेक्षा बारीक होते. छतावर वातानुकूलनाची अवजड यंत्रे होती. शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केल्यावर ती छतावरून ओढत दुसऱ्या बाजूला नेली, तेव्हा स्लॅबला तडे गेले. शेवटच्या दिवशी पाचव्या मजल्यावर तडे उघड दिसत होते, तरी दुकान सुरू राहिले. प्रत्येक बदलाला त्या त्या वेळी काहीतरी कारण होते. बेरीज मात्र कोणी केली नाही.

आपल्याकडे २५ जुलै २०१७ ला मुंबईत घाटकोपरची साई दर्शन इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावर सुरू असलेल्या फेरबदलांवर तपासाचा रोख होता. तळमजल्याचा कॉलम वरच्या सर्व मजल्यांचे वजन पेलतो, हे वर पाहिलेच. दुकान मोठे दिसावे म्हणून त्याला हात लावणे म्हणजे वरच्या सगळ्यांचे जीव टांगणीला लावणे.

ढिगाऱ्याखालचे शरीर

तीनशे किलोंचा तो एक चौरस मीटर तुकडा मांडीवर काही तास पडून राहिला तर काय होते, हे १९४१ मध्ये बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी लंडनवरील बॉम्बहल्ल्यांतील चार रुग्णांवरून नोंदवले. दबलेला माणूस बाहेर काढताना शुद्धीवर असतो, बोलतो. पण दाब निघताच चिरडलेल्या स्नायूंतील पोटॅशियम आणि मायोग्लोबिन रक्तात उतरतात. पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवते, मायोग्लोबिनमुळे मूत्रपिंडे बंद पडू लागतात, लघवी चहासारखी काळपट होते. म्हणून शक्य असेल तेव्हा अवयवावरचा भार उचलण्याआधीच शिरेतून सलाइन सुरू करतात. अशा वेळी मदतीला धावणाऱ्यांनी अमुक माणूस किती वेळ दबला होता हे लक्षात ठेवून डॉक्टरांना जरूर सांगावे.

आपण काय करावे

सोसायटीकडे इमारतीचे आरसीसी नकाशे आहेत का, ते पाहा. नसतील तर पालिकेकडे त्यांची प्रत मागा.

टाकी, मोबाइल टॉवर, सौर पॅनेल, गच्चीवरची बाग, नवा कोबा, नवी भिंत, यांपैकी काहीही करण्याआधी परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी सल्ला घ्या. कंत्राटदाराचे ‘काही होत नाही’ हा सल्ला नव्हे.

नवी फरशी किंवा नवा कोबा घालण्याआधी जुना थर काढा. पाइप नेण्यासाठी बीम-कॉलम फोडू देऊ नका.

इमारत १५ वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांनंतर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावे, असे राज्यातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सांगितले आहे. ऑडिटच्या वेळी घराघरांत झालेले बदल लपवू नका. डॉक्टरपासून व्यसन लपवण्यासारखेच ते आहे.

कॉलमला उभे तडे, बीमच्या टोकाशी तिरपे तडे, गंजाचे डाग, उघड्या पडलेल्या सळया, अचानक अडकू लागलेली दारे ही लक्षणे आहेत. त्यांच्यावर गिलावा आणि रंग चढवणे म्हणजे तापाची गोळी देऊन आजार झाकणे. आणि कॉलममधून तुकडे निखळू लागले, तडे डोळ्यांदेखत रुंदावू लागले किंवा कडकड आवाज येऊ लागला, तर दागिने-कागदपत्रे शोधत बसू नका. शेजाऱ्यांना हाका मारा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, इमारतीपासून लांब उभे राहा आणि १०१ वर अग्निशमन दलाला कळवा.