आमच्या घराण्यात तर कुणालाच नव्हतं

सहा महिन्यांचं होत आलं तरी बाळ मान धरत नाही, पाय उचलत नाही, रडणंही क्षीण. नजर मात्र तल्लख, हाक मारली की हसतं. सिल्लोडहून असं लेकरू संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात नेलं, की डॉक्टरांना ज्या आजारांची शंका येते त्यातला एक म्हणजे स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी, एसएमए. मज्जारज्जूतल्या ज्या पेशी स्नायूंना हुकूम देतात त्या मरत जातात आणि स्नायू वाळतात. निदान ऐकलं की घरचे म्हणतात, "आमच्या घराण्यात तर कुणालाच नव्हतं." मग नजरा सुनेकडे वळतात.

घराण्यात कुणाला नव्हतं हे बहुधा खरंच असतं. पण हा आजार येतोच तसा.

१९९५ साली पॅरिसमध्ये ज्युडिथ मेल्की यांच्या गटाने पाचव्या गुणसूत्रावरचं एसएमएन-१ हे जनुक शोधलं. त्याची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरी काम निभावते. असा माणूस 'वाहक', धडधाकट, आयुष्यभर पत्ता न लागणारा. जगात साधारण पन्नासांत एक जण वाहक असतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर दर गरोदरपणात चारांत एक शक्यता बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची. दर खेपेला, बरं का! पहिलं बाळ आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असं होत नाही. म्हणजे दोष आला तो दोन्हीकडून. एकट्या सुनेला बोल लावायला जागाच नाही.

आता मामाची मुलगी करण्याची आपली रीत घ्या. नवरा वाहक असेल तर दोष त्याच्या आईकडून आलेला असण्याची शक्यता निम्मी. आईत असेल तर तो मामातही असण्याची निम्मी, मामाकडून मुलीत उतरण्याची पुन्हा निम्मी. झाली आठांत एक. परक्या घरातली मुलगी असती तर पन्नासांत एक. अशा लग्नात सासू आणि सुनेचे वडील सख्खे भाऊबहीण, तेव्हा 'घराणं कुणाचं' हा वाद तर हास्यास्पदच.

सगळ्यांना आजार सारखा का नसतो? शेजारीच एसएमएन-२ हे जुळं जनुक असतं. एका अक्षराच्या फरकामुळे ते कामाचं प्रथिन जेमतेम दहा टक्केच बनवतं. त्याच्या दोनच प्रती असतील तर आजार बहुधा तीव्र. तीन-चार असतील तर मूल बसतं, कधी चालतंही. आजच्या औषधांपैकी दोन या जुळ्याकडूनच जास्त काम करून घेतात. तिसरं एसएमएन-१ ची चांगली प्रतच पुरवतं. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका कुटुंबाने लोकवर्गणीतून सोळा कोटींचं हे औषध आणलं, तेव्हा केंद्राने सुमारे सहा कोटींचा कर माफ केला होता.

त्या मानाने वाहक ओळखण्याची रक्ततपासणी सोपी. काही थोडे वाहक तिच्यातून सुटतात, पण बाळाचा जनुकीय अहवाल हाताशी असला की नेमकं काय शोधायचं ते कळतं. म्हणून बाळ हयात नसलं तरी तो अहवाल जपून ठेवावा. पुढच्या गरोदरपणात अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा अंश तपासून निदान होतं, त्यामुळे दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना सांगावं. आणि बाळाच्या लग्नाच्या वयातल्या काका-मावशीनेही तपासून घ्यावं.