उद्योगामागील माणसे

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि चाळीस वर्षे धान्याच्या गादीवर पोती मोजण्यात गेलेली. रोजमेळ व खतावणी यांपलीकडे आमच्या हातून फारसे लेखन झालेले नाही. परंतु आपल्या अनेक घरांत हल्ली जो प्रश्न उभा आहे, तो आमच्याही घरात उभा राहिल्यामुळे चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

प्रश्न असा. मुलगा इंजिनिअर होतो, दोन वर्षे पुण्यास वा बंगळुरास नोकरी करतो आणि एके दिवशी घरी येऊन म्हणतो, ‘मला स्वतःची कंपनी काढावयाची आहे.’ यालाच हल्ली ‘स्टार्टअप’ म्हणतात. आपण वडीलधारी मंडळी विचारतो : भांडवल किती? तारण काय? नफा कधी? हे प्रश्न योग्यच आहेत. तथापि त्याहून महत्त्वाचा एक प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. ‘तुझ्याबरोबर कोण आहे, आणि तू सल्ला कोणाचा घेतोस?’

हा प्रश्न न विचारल्याचे शल्य आम्हांस आहे. सुमारे बारा वर्षांपूर्वी आमचा एक पुतण्या असाच बेत घेऊन आला होता. बाजारातील रोजची आवक आणि दर शेतकऱ्यास घरबसल्या मोबाइलवर कळावेत, अशी त्याची योजना होती. आम्ही तारणाची गोष्ट काढली. तो मुकाट्याने उठून गेला. मित्रांच्या पैशावर त्याने काम सुरू केले आणि दीड वर्षात ते बंद पडले. परत आल्यावर तो म्हणाला, ‘काका, पैसा कमी पडला नाही. आम्ही तिघेही यंत्र जाणणारे होतो, उधारी वसूल करणे जाणणारा एकही नव्हता. ते तुम्ही शिकवू शकला असता.’ आमच्यापाशी उत्तर नव्हते.

वाचकहो, ही विद्या आपल्याच गावाने एकदा साऱ्या देशास दाखविली आहे. बेळगावचा किर्लोस्कर रोड आपल्या रोजच्या पायाखालचा. गुर्लहोसूर येथे २० जून १८६९ रोजी जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकण्यास मुंबईस गेले. परंतु काही रंग नीट ओळखता येत नसल्याने ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. १८८८ साली बेळगावात ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाने सायकलींचे दुकान निघाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि त्यांचे बंधू रामूअण्णा त्या येथे विकीत. त्या काळी सायकल हे नवलाचे यंत्र होते. म्हणजे हा त्या दिवसांतला ‘स्टार्टअप’च म्हणावयाचा. पुढे बढतीत डावलले गेल्यामुळे लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली, ते बेळगावास आले आणि कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर यांच्या निर्मितीस लागले.

नांगर उत्तम होता. पण लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. दोन वर्षे माल पडून राहणे म्हणजे काय, हे आपणा व्यापाऱ्यांस वेगळे सांगावयास नको. अशा काळात उद्योग तगतो, तो केवळ मालकाच्या बुद्धीवर नव्हे, तर त्याच्या सोबतच्या माणसांवर.

बेळगावातील जागा सोडण्याची वेळ आली, तेव्हा औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर ओसाड जमीन दिली व कर्जही दिले. निवडुंग आणि नाग यांनी भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तेथे जमलेली मंडळी पाहावी. वसाहतीची आखणी व व्यवस्था रामूअण्णांकडे, यंत्रांचे काम शंभुराव जांभेकरांकडे, हिशेबाचे मंगेशराव रेगे यांच्याकडे, सर्वसाधारण कारभार के. के. कुलकर्णी यांच्याकडे, आणि नवनव्या कल्पना लढविण्यास अनंतराव फळणीकर. यांपैकी काहींचे शिक्षण अर्धवट राहिलेले होते. शिक्षा भोगून आलेल्या दरोडेखोरांवरही लक्ष्मणरावांनी राखणीची जबाबदारी टाकली आणि ती त्यांनी निष्ठेने पार पाडली. माणूस पारखून त्यास योग्य कामावर बसविणे, हेच त्यांचे खरे भांडवल होते.

आपल्या समाजास अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. कुंभोजच्या जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी काही काळ किर्लोस्करांचे नांगर विकण्याचे काम केले. शेतकऱ्याची भाषा आणि त्याच्या मनातील भीती ज्यास ठाऊक, तोच त्याच्या गळी नवी वस्तू उतरवू शकतो. खेडोपाडी हिंडलेल्या याच पुरुषाने १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकून १९२६ साली परतले. घरात अनुभव होता, बाहेरून नवे ज्ञान आले. दोहोंचा मेळ बसला. पुढे पंप, ऑइल इंजिने, विजेची यंत्रे असा विस्तार होत गेला. लक्ष्मणराव १९५६ साली निवर्तले.

काळ बदलला तरी नियम बदललेला नाही. १९८१ साली पुण्यात सात इंजिनिअरांनी इन्फोसिस काढली, तेव्हा नारायण मूर्तींना त्यांच्या पत्नी सुधाताईंनी साठविलेले दहा हजार रुपये दिले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. गूगल स्थापणाऱ्या दोन तरुणांनीही २००१ साली एरिक श्मिट या अनुभवी गृहस्थांच्या हाती कारभार सोपविला. बुद्धिमान मनुष्यास वडीलधाऱ्याची गरज नसते, हा भ्रम आहे.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. पहिली : संस्थापकांत यंत्र जाणणारा, हिशेब जाणणारा आणि गिऱ्हाईक जाणणारा, असे तिन्ही गुण असावेत, नसतील तर बाहेरून आणावेत. दुसरी : भागीदारांचे हिस्से पहिल्याच दिवशी कागदावर यावेत. मैत्रीत कागद कशास, असे म्हणणाऱ्यांचे वाटणीचे तंटे आपण बाजारात पुष्कळ पाहिले आहेत. तिसरी : सल्लागारास हिस्सा द्यावयाचा झाल्यास तो एकदम न देता, जसजसे काम होईल तसतसा टप्प्याटप्प्याने द्यावा. चौथी : सल्लागार आणि संचालक यांत भेद आहे. संचालकावर कायद्याची जबाबदारी येते. म्हणून केवळ शोभेसाठी कोणी नाव देऊ नये, आणि कोणी घेऊही नये.

निपाणीहून बेळगावास येताना हत्तरगीपाशी विमानांचे सुटे भाग तयार होतात. उद्यमबागेत ओतकामाच्या भट्ट्या पेटलेल्या असतात. आपली मुले दूर जातात ती येथे काम नाही म्हणूनच नव्हे; येथे आपले ऐकून घेणारे कोणी नाही, असेही त्यांस वाटते. संघाने तीन अनुभवी सभासदांची एक समिती नेमावी आणि महिन्यातून एक सायंकाळ अशा तरुणांसाठी राखून ठेवावी, अशी आमची नम्र सूचना आहे. समितीने पैसा देण्याची आवश्यकता नाही. प्रश्न विचारावेत आणि चूक दिसल्यास स्पष्ट सांगावे.

आमचा पुतण्या गेल्या दिवाळीत नवी योजना घेऊन पुन्हा आला. या वेळी आम्ही तारणाचे नाव काढले नाही. खतावणी पुढे ओढली आणि म्हणालो, ‘बैस. उधारीपासून सुरुवात करू.’