दत्तक मारिओ

मालिकेतली मधली कृती जोखणं अवघड असतं. पहिलीला नवेपणाची सवलत मिळते, नावाजलेलीला पुण्याईची. मधलीच्या वाट्याला नुसती तुलना येते. 'सुपर मारिओ ब्रदर्स २' हा व्हिडिओ गेम याचा नमुना. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात तासाच्या भाड्यानं हे खेळ खेळलेल्या माझ्यासारख्यांना मारिओ म्हणजे पहिला (१९८५), नाहीतर तिसरा (१९८८). दुसऱ्याचा विषय निघाला की "तो खरा मारिओच न्हवं" असं उत्तर यायचं.

आक्षेपात तथ्य आहे. जपानमध्ये १९८६ साली निघालेला दुसरा मारिओ वेगळाच होता. रूप पहिल्याचंच, वर विषारी अळंबी आणि उडी चुकवणारा वारा. अमेरिकेतल्या मुलांना तो झेपायचा नाही म्हणून निन्टेन्डोनं तिकडे पाठवलाच नाही. त्याऐवजी फुजी टेलिव्हिजनच्या एका प्रदर्शनासाठी केलेला 'युमे कोजो : डोकी डोकी पॅनिक' (१९८७) हा खेळ घेतला, त्यातली चार पात्रं काढून मारिओ, लुइजी, टोड आणि राजकन्या बसवली, आणि १९८८ मध्ये तोच 'मारिओ २' म्हणून विकला.

थोडक्यात, दत्तकविधान. पण दत्तकाला परका म्हणायची सोय निदान या गावात नाही. शाहू महाराज १८८४ साली कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तकच आले होते. कूळ विचारून झालं की गुण बघावे लागतात.

गुण आहेत. पहिल्या मारिओत शत्रूच्या डोक्यावर उडी मारली की तो मरतो. इथे मरत नाही. मारिओ त्याच्या पाठीवर उभा राहतो, त्यालाच उचलतो आणि दुसऱ्यावर फेकतो. जमिनीतून मुळ्यासारख्या भाज्या उपटायच्या, त्याही फेकायच्या. लुइजी पाय झाडत उंच उडतो, राजकन्या क्षणभर हवेत तरंगते, टोड झटपट ओझं उचलतो. त्यामुळे कोण निवडला यावर तीच वाट बदलते. किल्ली उचलताच भिंतीवरचा मुखवटा जिवंत होऊन पाठलाग करतो, तेव्हा आजही माझ्या तळहातांना घाम येतो. औरस दुसऱ्यानं पहिल्याचीच काठिण्यपातळी वाढवली. खेळाचं व्याकरण बदललं ते या दत्तकानं.

तरीही मी त्याला पहिल्या आणि तिसऱ्याच्या खालीच ठेवतो. कारण कुळाचं नाही, लयीचं आहे. मारिओचा प्राण धावण्यात आहे: वेग घ्यायचा, त्या वेगातूनच उडी काढायची. मूळ जपानी खेळात पळण्याचं बटणच नव्हतं. ते मारिओसाठी नंतर जोडलं, आणि जोडल्याचं जाणवतं. पळत यावं, थांबावं, वाकावं, उपटावं, मग पुन्हा पळावं. खासबागेत पकड घेता घेता पैलवानानं लंगोट आवळायला थांबावं, तसं वाटतं. शिवाय बर्डो. तोंडातून अंडी फेकणारं हे पात्र बहुतेक टप्प्यांच्या शेवटी उभं असतं. अंड्यावर चढा, उचला, तीनदा मारा. तिसऱ्या वेळेपर्यंत गंमत वाटते, पुढे नुसती हजेरी.

मालिकेनं मात्र या दत्तकाला टाकलं नाही. बर्डो, मुखवटेवाला शाय गाय, चालता बॉम्ब बॉब-ऑम्ब हे सगळे इथूनच मारिओच्या घरात आले आणि अजून नांदतात. १९९२ साली हा खेळ जपानमध्येही विकायला आला. मूळचा तिथलाच, पण नाव लागलं 'सुपर मारिओ यूएसए'.