मंडळाचा जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी
देहूरोडच्या धम्मभूमीवर बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तिथल्या वर्धापनदिनांचे फोटो, वर्गणीचा हिशेब, मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज बहुतेक मंडळांच्या एकाच जुन्या लॅपटॉपवर असतात. तो रखडला म्हणून लगेच नव्यासाठी पावतीपुस्तक काढू नका, असे आम्हाला वाटते.

आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवा. सर्वांत जास्त फरक त्यानेच पडतो. रॅम त्यानंतर. तापून बंद पडत असेल तर पंख्यातली धूळ काढा. तारीख सारखी मागे जाऊन अर्जाची साइट उघडत नसेल, तर बोर्डावरचा नाण्याएवढा सेल बदला. विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. विंडोज ११ न चालणाऱ्या मशिनवर लिनक्स मिंट टाका, मराठी टायपिंग त्यातही होते. बॅटरी फुगली असेल तर मात्र चार्जिंग बंद करून सरळ दुकान गाठा.